वरीलप्रमाणे

आठ रुग्णांच्या नोंदी मी केल्या होत्या. त्यांतल्या सात खोट्या होत्या. शिक्षा झाली ती मला संगणक शिकवणाऱ्या मुलीला. एवढेच सांगायचे आहे, आणि एवढेच सांगायला मला चौदा-पंधरा वर्षे लागली. आता सत्तरी आली. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, हात थरथरतो, पण अक्षर अजून वाचता येते. म्हणून लिहून ठेवतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी रेकॉर्डचा कारकून होतो. त्याचे नाव देत नाही. दोष त्या इमारतीचा नव्हता. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणीवर जगल्या. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मी दवाखान्यात. वडिलांनी मला लहानपणी पाटीवर दोन गोष्टी शिकवल्या : अक्षर उभे काढायचे, आणि जागा वाया घालवायची नाही. रजिस्टरच्या रकान्यात वरचाच मजकूर पुन्हा येत असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही, ‘वरीलप्रमाणे’ लिहायचे, आणि ओळ संपली हे कळावे म्हणून शेवटी दोन आडव्या रेघा मारायच्या. तापाच्या साथीत मी पानेच्या पाने अशी भरली. पहिल्या ओळीत ‘थंडी वाजून ताप, तीन दिवस’ आणि खाली वीस माणसे वरीलप्रमाणे. कोणाला चार दिवस ताप असेल, कोणाला थंडी वाजलीच नसेल. त्याने काही बिघडत नसे, कारण डॉक्टर रजिस्टर पाहत नसत. खरे ते केसपेपरवर असे. रजिस्टर होते ते डोकी मोजायला.

मग संगणक आला. नोकरीची शेवटची तीन वर्षे उरली होती. वरून हुकूम आला की यापुढे प्रत्येक रुग्णाची नोंद संगणकात करायची : नाव, वय, गाव, तक्रार, इतिहास, तपासण्या, औषध. रुग्ण घरी जाताना त्यातूनच कागद छापून द्यायचा. हे काम बसवायला आणि आम्हाला शिकवायला एक मुलगी करारावर घेतली. तिच्या वडिलांचे शहरात फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान होते. तिने दवाखान्यातल्या संगणकीय नोंदींचा एक कोर्स केला होता. दुसरा टप्पा करायचा, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लागायचे, असे तिचे ठरलेले होते. ते ती लपवत नसे. डब्याच्या वेळीही तिच्यासमोर त्या कोर्सची वही उघडी असायची.

मी तिला बेटा म्हणायचो, ती मला काका. शिकणारे आम्ही पाचजण होतो आणि सगळ्यांत ढ मी. मी माउस टेबलावर सरकवायच्या ऐवजी उचलून धरायचो. एन्टर दाबला आणि पडद्यावर लगेच काही झाले नाही की पुन्हा पुन्हा दाबायचो.

“काका, ती शाळेची घंटा नाही,” ती म्हणायची. “एकदाच.”

प्रयोगशाळेतला माणूस रोज दारातून डोकावून विचारायचा, बाबूजी, आज मशीननं तुम्हाला ओळख दिली का. शिपाईसुद्धा हसायचा. मीही हसायचो. तीस वर्षे ज्याच्या अक्षराचे कौतुक झाले, तो माणूस एका बोटाने आपल्याच गावाचे नाव शोधत बसला होता. आतून काय वाटायचे ते सोडून देतो.

तिने मात्र मला कधी ढ समजले नाही. एकदा म्हणाली, तुम्हाले शिकवायचं काही नाही काका, तुम्हाले फक्त विसरायचं हाय. काय विसरायचे, असे विचारले तर म्हणाली, रजिस्टर. रजिस्टरात ओळ होती, इथे माणूस आहे. प्रत्येक माणसाची वेगळी पाटी, आणि एकदा पक्की केली की कुणालाही खोडता येत नाही. चूक झाली तर खाली दुरुस्ती जोडायची. तारीख, कारण आणि आपले नाव घालून. मूळची चूक तिथेच राहते, दुरुस्ती तिच्याखाली. हे तिने मला दोन-तीनदा सांगितले होते. मी वहीत उतरवूनही घेतले होते.

ती वर्षे कापसाची वाईट वर्षे होती. भावाचे, बोंडअळीचे सगळे लोकांना माहीत आहे. आमच्या दवाखान्यात ती वर्षे वासाने यायची. फवारणीच्या औषधाचा वास. काही जण विष पिऊन यायचे. त्यांच्या पोटात नळी घालून पोट धुवायचे. आणि काही जण फवारा मारता मारता पडलेले यायचे. त्यांनी काही प्यालेले नसायचे. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा वर धरला की तोंडावर परत यायचा, कपड्यांतून अंगात मुरायचा. त्यांचे कपडे काढून साबणाने अंग धुवायचे. घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या दोघांच्याही सारख्याच. फरक एवढाच की एकाने घेतलेले असायचे आणि दुसऱ्याला लागलेले. हा फरक डॉक्टरांनंतर फक्त कागद सांगू शकतो.

त्या पावसाळ्याच्या शेवटी तिची दुसऱ्या टप्प्याची परीक्षा आली. दोन दिवस ती नागपूरला जाणार होती. माझा पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागे. त्या महिन्यात मी तो तीनदा चुकवला आणि माझे खाते बंद पडले. जाताना तिने आपला पासवर्ड मला एका चिठ्ठीवर लिहून दिला. जुने रुग्ण आले तर त्यांचा नंबर शोधायला, एवढ्यापुरता.

“एंट्री नका करू काका. पेपर साठवून ठेवा, मी आल्यावर बसू.”

मी हो म्हणालो.

त्या दोन दिवसांत आठ जण आले. केसपेपरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर जमला. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला की विषबाधेची माहिती आज संध्याकाळपर्यंत वर पाठवायची आहे, नोंदी करून टाका. मी सांगू शकलो असतो की ती उद्या येते, किंवा माझे खाते बंद आहे. पण प्रयोगशाळेतला माणूस तिथेच उभा होता आणि म्हणाला, “बाबूजीच्यानं होते का ते?”

म्हणून मी तिचा पासवर्ड टाकून बसलो.

पहिला केसपेपर एका माणसाचा होता. त्याने खरोखरच घरी भांडण करून औषध घेतले होते. तो वाचला. त्याची नोंद करायला मला पाऊण तास लागला. इतिहासाच्या रकान्यात मी लिहिले : ‘राहत्या घरी, घरगुती कारणावरून, कीटकनाशक प्राशन केले.’ शेवटी सवयीने दोन आडव्या रेघा. मग दुसरा पेपर घेतला. यवतमाळहून राळेगावकडे जाताना लागणाऱ्या एका खेड्यातला मजूर. दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारायला जाणारा. पेपरवर डॉक्टरांनी लिहिले होते, फवारणी करताना. मी ते वाचले. वाचलेच नाही असे म्हणता येणार नाही.

पण बोट दुखत होते, घड्याळ पुढे जात होते, आणि संगणकात वरीलप्रमाणे लिहायची सोय नव्हती. तिने कॉपी-पेस्ट शिकवले होते, एकाच रुग्णाची जुनी तक्रार पुढच्या भेटीत आणायला. मला वाटले, हे तर आपले वरीलप्रमाणेच. पहिली नोंद उचलली आणि दुसऱ्यात चिकटवली. नाव बदलले, वय बदलले, गाव बदलले. मग तिसऱ्यात. मग चौथ्यात. विषबाधा ती विषबाधा, खरे ते केसपेपरवर आहेच, असे मनाशी म्हणालो. उरलेल्या सात नोंदी तासाभरात झाल्या. प्रत्येक पक्की करताना एन्टर एकदाच दाबला.

दुसऱ्या दिवशी ती आली. चिठ्ठी परत देताना मी सगळे सांगितले, म्हणजे नोंदी केल्या एवढे सांगितले. पेपराशी ताडून पाहिल्या का, असे तिने विचारले. मी हो म्हणालो. तिचा चेहरा खुलला आणि ती म्हणाली, “तुम्ही तं शिकले काका.” प्रयोगशाळेत जाऊन तिनेच सांगितले की बाबूजींनी एकट्याने आठ एंट्र्या केल्या. त्या माणसाला ते खरे वाटले नाही.

तो मजूर तिसऱ्या दिवशी वारला. कागद आपोआप छापून निघाला. त्यावर माझी ओळ सगळ्यांत वर होती, कारण संगणक इतिहास आधी छापतो. तोच कागद पोलिसांकडे गेला.

तीन महिन्यांनी त्याची बायको आपल्या भावाला घेऊन रेकॉर्ड रूममध्ये आली. तिच्या हातात कापडाची पिशवी होती. मी आणि ती मुलगी, दोघेही तिथे होतो. भावाने घडी घातलेला कागद पुढे केला आणि शांतपणे विचारले की हे कोणी लिहिले. त्याची बहीण वाचू शकत नव्हती. गावात पोलीस पाटलाने तो वाचून दाखवला, तेव्हापासून तिची सासू तिच्याशी बोलत नव्हती. घरगुती कारण म्हणजे तीच, असे सगळ्यांनी धरले होते. तिने नवऱ्याला विष प्यायला लावले, असे पाणवठ्यावर बोलले जात होते. पोरांना सासूने आपल्याकडे ठेवून घेतले होते.

ती बाई खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच बोलली.

“माह्या घरवाल्यानं घरी काईच नाई घेतलं साहेब. तो वावरातून आला, बैलबंडीत पडून. सकाळी माह्या हातची भाकर खाऊन गेलता. भांडण कायचं? तुमी कोनाले इचारलं?”

मग तिने पिशवीतून सदरा काढला. दवाखान्यात अंग धुताना काढलेला, नर्सने तिच्या हाती दिलेला. तिने तो धुतला नव्हता. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत मोठा डाग, कापड तिथे कडक झालेले. खोलीभर तोच वास पसरला. पंपवाल्याची मुलगी उठली, सदऱ्यापाशी गेली आणि तिने विचारले, पाठीवरच्या टाकीच्या झाकणाचं रबरी वायसर गेलं होतं का?

“चिंधी गुंडायली होती झाकनाले,” बाई म्हणाली.

मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. ती संगणकाशी गेली, नंबर टाकला, नोंद उघडली. मग तारीख पाहिली आणि त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी उघडल्या, एकामागून एक. मी तिच्या मागे उभा होतो. प्रत्येक पाटीवर तीच ओळ, आणि कोपऱ्यात तिचे नाव.

चौकशी बसली. समितीने केसपेपर मागवले. ते रेकॉर्डमध्ये, म्हणजे माझ्या ताब्यात होते. मी वरच्या फळीवरचा गठ्ठा काढला, दोरी सोडली, आठही पेपर पाहिले. सात पेपरांवर फवारणी. मी दोरी पुन्हा बांधली, गठ्ठा होता तिथे ठेवला आणि खाली येऊन सांगितले की त्या महिन्याच्या कागदांना उधई, म्हणजे वाळवी, लागली, सापडत नाहीत. माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. तीस वर्षांत माझा एक कागद हरवला नव्हता.

तिने समितीला सांगितले की मी त्या दिवशी नागपूरला होते, परीक्षेचे पत्र आहे, नोंदी काकांनी केल्या. तिला विचारले गेले की मग पासवर्ड दुसऱ्याला का दिला. मग मला आत बोलावले. मोठ्या डॉक्टरांनी विचारले, तुम्ही केल्या का या नोंदी?

मी म्हणालो, “साहेब, मला अजून एन्टर कधी दाबायचा ते कळत नाही.”

सगळे हसले. प्रयोगशाळेतला माणूस साक्षीला होता, तोही हसला. बाबूजींनी एका दुपारी आठ नोंदी केल्या हे कोणाला पटण्यासारखे नव्हतेच. ती हसली नाही. ती आपल्या हातांकडे पाहत होती.

समितीने लिहिले की नोंदी कोणीही केल्या असोत, नाव तिचे आहे : नोंदींत हलगर्जी, पासवर्डाचा गैरवापर. तिचा करार संपवला. मूळ कागद नाही म्हणून मजुराच्या नोंदीला दुरुस्ती जोडता येत नाही, असेही लिहिले. सदरा म्हणजे रेकॉर्ड नव्हे. त्याच्या बायकोला हे सांगायचे काम माझ्याकडे आले. मी सांगितले. तिने सदरा घडी करून पिशवीत ठेवला आणि भावाबरोबर निघून गेली. जाताना तिने मला नमस्कार केला, कारण मी तिच्याशी मऊ बोललो होतो.

मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी अक्षराबद्दल बोलले गेले. पुढे जुने कागद रद्दीत काढले, त्यात तो गठ्ठाही गेला. मला अगोदर कळले होते. मी गेलो नाही.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या मुलाने माझी माहिती भरली आणि कागद छापून दिला. त्यावर माझ्या इतिहासात मधुमेह होता. मला मधुमेह नाही. मी म्हणालो, हे माझे नाही. तो म्हणाला, बाबा, मागच्याचं आलं असेल, चालतं. मी कागद हातात घेऊन बराच वेळ तिथेच उभा राहिलो. मागची माणसे पुढे निघून गेली. ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी मी तिच्या वडिलांचे दुकान शोधत गेलो.

वडील नव्हते. ती होती. स्टुलावर बसून पंपाच्या टाकीचे झाकण फिरवून पाहत होती. बोटांना काळे तेल. मला तिने लगेच ओळखले. या काका, म्हणाली, आणि दुसरे स्टूल पुढे सारले. नागपूरला ती दोन ठिकाणी गेली होती. दोन्हीकडे आधीच्या दवाखान्यात विचारणा झाली. त्यानंतर ती गेली नाही. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. मी विचारले म्हणून सांगितले.

मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितले. नोंदींबद्दल आणि गठ्ठ्याबद्दलही. नोंदींचे तिला ठाऊक होतेच. गठ्ठ्याचे नव्हते. उधईवर तिचा विश्वास बसला होता. तिच्या हातातले झाकण थांबले.

“म्हणजे पेपर होते,” ती म्हणाली.

“होते.”

“सातही?”

“सातही. मी वाचले.”

रस्त्यावर कोणी पंप घेऊन आला, त्याला तिने उद्या ये म्हणून सांगितले. मी माफी मागितली. तिने ते ऐकले की नाही कळले नाही. मग तिने विचारले, “त्या बाईले सांगितलं काय?”

मी नाही म्हणालो.

“माह्याकडे कायले आले मग पहिले?”

ती उठली, आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आली. करार संपवताना तिला दिलेली प्रत होती ती. आठ नावे, आठ वये, आठ गावे, आणि प्रत्येकापुढे तीच ओळ, शेवटी दोन आडव्या रेघा. तिने तो टेबलावर पसरला, शेजारी बिलबुकातला कोरा कागद ठेवला आणि पेन दिले.

“दुरुस्ती लिहा. कशी लिहायची ते शिकवलं होतं.”

मी मजुरापासून सुरुवात केली. नाव, वय, गाव. मूळ नोंद चुकीची. सदर व्यक्तीने काहीही प्राशन केलेले नव्हते. दुसऱ्याच्या शेतात फवारणी करताना गळक्या पंपामुळे औषध अंगावर सांडून विषबाधा झाली. घरगुती कारण नव्हते. ही नोंद मी केली, केसपेपर मी लपवला. खाली सही, नाव, तारीख. तिने तो कागद उचलला, दोनदा वाचला आणि म्हणाली, हा त्या बाईले नेऊन द्याचा. तुमच्या हातानं, तिच्या सासूसमोर वाचून. मी हो म्हणालो. ती माझ्याकडे पाहत राहिली, म्हणून मी पुन्हा हो म्हणालो.

तिने दुसरा कोरा कागद ठेवला. “आता बाकीचे.”

तिसरे नाव महागाव तालुक्यातले होते. वय बावीस. मी पेन धरून बसलो. पेपर मी वाचला होता, फळीपाशी उभा राहून, सातही वाचले होते. फवारणी हा शब्द आठवत होता. पण हा मुलगा कोणाच्या वावरात होता, एकटा होता की भावाबरोबर, कोणी आणला, पुढे त्याचे काय झाले, यातले काही आठवेना. चौथे नाव बाईचे होते. एक बाई होती हेसुद्धा मला त्या दिवशी, त्या दुकानात कळले. पाचवे, सहावे, सातवे, आठवे.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

“मग तसंच लिहा.”

मी तिसऱ्या नावापुढे लिहिले : ही नोंद खोटी आहे. ही व्यक्ती फवारणी करताना आजारी पडली. नोंद मी केली, खरे काय घडले ते केसपेपरवर होते, तो पेपर मी लपवला, बाकी मला आठवत नाही. मग चौथ्या नावापुढे पेन टेकवले आणि हात आपसूक ‘व’कडे वळला. तिने ते पाहिले. तिने कागदावर बोट ठेवले, तेलाचा ठसा उमटला.

“पूर्ण लिहा काका. सगळ्यांचं.”

ती पुन्हा झाकणाशी बसली. मी चौथ्यापासून आठव्यापर्यंत तीच वाक्ये पाच वेळा लिहिली, अक्षर उभे काढून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मध्ये दोनदा हात दुखला म्हणून थांबलो. तिनेही झाकण फिरवणे थांबवले, आणि मी पेन टेकवल्यावर पुन्हा सुरू केले.